काचेवरचा शब्द

गोरेगावहून सेनगावला जाणाऱ्या जीपमध्ये त्या एकदाच भेटल्या. बंजारा तांड्यावरच्या शाळेतल्या बाई. नाव विचारायचं राहूनच गेलं. शेजारी बसलेल्या तांड्यातल्या आजीला त्यांनी विचारलं, "माय, तुमी घरी भाकरीला काय म्हणता?"

"बाटी."

बाईंनी धुळकट काचेवर बोटानं तो शब्द लिहिला, मान तिरकी करून पाहिला आणि 'टी'चं वळण पुन्हा नीट केलं. मला राहवेना.

"काहून लिहून राहिल्या?"

"पहिलीतली एक पोरगी तोंडच उघडत न्हाई. उद्या फळ्यावर भाकरीच्या आधी तिच्या घरचा शब्द लिहिते. बघू, बोलती का."

बाई फाट्यावर उतरल्या. सेनगावला ड्रायव्हर काच पुसायला आला, तसा आजीनं त्याचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे. माझं हाय ते."