मंडईचे पाहुणे आणि एका बांधीचा धान

जायचं ठरलं ते सरिताच्या एका वाक्यावर. पुण्यात ऑफिसात माझ्या शेजारी बसणारी सरिता मूळची गोंदिया जिल्ह्यातली, सौंदडजवळच्या एका खेड्यातली. दिवाळी झाली की तिचं कामात लक्ष नसतं. "आता धान पिवळा पडला असेल," असं ती खिडकीतून पार्किंगकडे बघत म्हणाली आणि मी रजा टाकली. मी सांगलीची, माझ्या डोळ्यांना उसाची सवय. भाताशी ओळख ताटातली. शिवाय तिच्या गावची मंडईही त्याच आठवड्यात होती. मंडई म्हणजे दिवाळीनंतर तिकडे गावोगाव भरते ती जत्रा. लेकी-जावई, सोयरेधायरे सगळे घरी येतात आणि त्या दिवशी शेतात कुणी पाऊल टाकत नाही.

सरिता आणि मी नागपूरहून रेल्वेने गोंदियाला उतरलो. स्टेशनबाहेर तर्री पोहे खाल्ले, तो लाल तिखट रस्सा, म्हणजे तर्री, जपून घ्या. रिक्षावाल्याने हिंदीत चौकशी केली, "घूमने आए हो क्या?" मी म्हटलं, धान बघायला. तो मागे वळून म्हणाला, "धान में देखने का क्या है, मॅडम?" त्याचंही बरोबर होतं. सांगलीत कुणी ऊस बघायला आलं असतं तर मी हेच म्हटलं असतं.

गोंदियाहून सौंदडला छोटी गाडी जाते. तिकीट अगदी किरकोळ, पण वेळ आधी विचारून ठेवा, चुकली तर हायवेची बस शोधत बसावं लागतं. आम्हाला खिडकी मिळाली आणि मग पुढचा सगळा वेळ मी तिला चिकटून होते. बाहेर सोनेरी, पोपटी, पुन्हा सोनेरी असे तुकडे सरकत होते. हलका, लवकर येणारा धान कापून बांध्यांत पसरलेला, भारी, उशिराचा धान अजून हिरवा उभा. बांधी म्हणजे धुऱ्यांनी, मातीच्या बांधांनी, घेरलेला शेताचा तुकडा. मधूनच एखादा तलाव यायचा, त्यात आभाळ निवांत पडलेलं असायचं. जागी आहे की झोपेत, हे मला नीटसं कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं.

सरिताच्या आईला मी मावशी म्हणायला लागले. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "एवढी दुबळी काऊन आहेस?" आणि ताटात भाताचा डोंगर केला. सोबत तलावातल्या मासोळ्यांचा रस्सा. त्या दिवशी मला संध्याकाळपर्यंत काहीच सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींबरोबर शेतावर गेलो. धुक्यात तलाव दिसतच नव्हता, फक्त बदकांचे आवाज येत होते. तलावालगतच्या खोलगट बांधीत कापलेला धान ओळीने पसरून ठेवला होता. त्याला कडपा म्हणतात. उन्हात वाळला की भारे बांधायचे. मी वाकून वास घेतला. कच्च्या, अजून न शिजलेल्या धानालाही वास येत होता, मंद, दुधासारखा.

"हा माह्या मायनं देल्ला," मावशी म्हणाल्या. लग्नात त्यांच्या आईने ओटीत बी घातलं होतं. गावात पूर्वी पाच-सात घरी हा वासाचा धान असायचा. उत्पन्न कमी म्हणून सगळ्यांनी सोडला. आता फक्त ही एक बांधी. गेल्या वर्षीचं सगळं बी यंदा पेरलेलं, घरात दाणा शिल्लक नाही. पुढच्या वर्षीचं बी म्हणजे आमच्या पायाशी पसरलेला हा कडपा.

सरिताने एक लोंबी उचलून बघितली. मग हळूच म्हणाली, "माय, कापायची घाई कायले केली? पानी आला त?"

"मंडईले पाहुणे येतेत. मंग हात मोकळे नोको का?"

तिथलं कुठलंही घर हेच करतं. मंडईआधी शेत आवरायचं, मग दोन दिवस पाहुण्यांचे.

मंडईच्या दिवशी घर माणसांनी भरलं. सरिताची बहीण आणि तिचा नवरा देवरीहून आले. जावयाचा शर्ट इतका कडक इस्त्रीचा की बसताना तो आधी शर्टाला विचारत असावा. पाहुण्यांची खोली शेणाने सारवलेली, खाटांवर नव्या चादरी. मी कॅमेरा चार्ज करून तयार होते. जेवणं व्हायची होती, तेवढ्यात अंगणातलं ऊन गेलं. बंगालच्या उपसागरात वादळ फिरतंय एवढं मोबाइलवर आलं होतं, पण आमच्याकडे पोचायला उद्या उजाडेल असा सगळ्यांचा हिशोब होता. पूर्वेला, देवरीच्या जंगलाकडून, आभाळ पाटीसारखं काळं होत होतं.

"पानी येऊन राहिला," मावशी म्हणाल्या आणि दारात उभ्या राहिल्या. बाहेर पडेनात. मंडईच्या दिवशी शेतात जायचं नाही, आणि दारी आलेल्या जावयाला कामाला लावायचं तर त्याहून नाही. त्यांचे हात पदराशी चाळा करत होते. मला त्यांच्याकडे बघवेना. ती बांधी खोलगट, पाणी साचलं की कडपा दोन दिवसांत जागेवरच कोंब धरणार, एवढं मलाही कळलं होतं.

जावयाने चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली.

"तुमी बसा ना जी," मावशी कळवळून म्हणाल्या.

"बसून का करू? पुढच्या वर्षी मंडईले भात कायचा खाऊ?"

मग सगळेच निघाले. नव्या साड्या खोचलेल्या बायका, अत्तर लावलेली माणसं, सगळी धुऱ्यावरून एका रांगेत. बांधणं, डोक्यावर घेणं, चालणं. मला भारा बांधता येईना, म्हणून वाटेवर गळलेल्या लोंब्या वेचायचं काम मिळालं. मी त्या जॅकेटच्या खिशांत कोंबत चालले होते. तिकडे गावात मंडईचा डफ वाजत होता आणि इकडे शेतातून सोनेरी ओझी घेऊन वऱ्हाड घरी चाललं होतं. इतकं सुंदर काही मी आयुष्यात पाहिलं नाही. कॅमेरा घरी खुंटीला राहिला.

धान ओलसर होता, रचून ठेवला तर आतून तापला असता. म्हणून तो पाहुण्यांच्या खोलीत पसरला. जमिनीवर, खाटांवर, नव्या चादरींवर, कपड्यांच्या दोरीवरसुद्धा. शेवटचा भारा आत आला आणि पाऊस कोसळला. पाहुणे ओसरीवर दाटीवाटीने बसून जेवले. घरभर तो दुधासारखा वास. जावयाचा शर्ट ओळखू येत नव्हता आणि तो आता ऐसपैस मांडी घालून बसला होता.

मंडई काही बघितली नाही. तुम्ही गेलात तर दिवाळीनंतरच्या आठवड्यांत जा, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि पावसाचं काहीतरी जवळ ठेवा, आणि कुणाच्या घरी उतरणार असाल तर हातांना काम मिळेल याची तयारी ठेवा.

पुण्याला परत आले. बऱ्याच दिवसांनी जॅकेट धुवायला काढलं, तर खिशांत लोंब्या. चांगले ओंजळभर दाणे निघाले. थोडे ओल्या फडक्यात गुंडाळून खिडकीत ठेवले. एका सकाळी फडकं उघडलं, तर प्रत्येक दाण्याला पांढरं टोक. मी ऑफिसला जायच्या आधीच मावशींना फोन लावला.

"माह्यावालेही निंगाले," त्या म्हणाल्या. त्यांनीही फडक्यात घालून बघितले होते. मग त्यांनी विचारलं, "सारे भिजवले का?"

"नाही. बरेच आहेत."

"मंग ते खाऊ नोको. वाळवून डब्यात ठेव. माह्यावाला कधी गेला, त तुह्याकडून मागून घेईन."

डबा स्वयंपाकघरात वरच्या फळीवर आहे. घरात कुणी नवीन आलं की मी आधी सांगून टाकते, त्याला हात लावायचा नाही, तो मावशींचा आहे.