सुगनामावशीचं गाणं आणि मी दाबलेलं बटन

ही गोष्ट माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. तुम्हाला का सांगते आहे — खरंच कळत नाही. सांगून काही बदलणार नाही, एवढं मात्र कळतं.

देवरीला माझं ऑनलाइन सेंटर आहे. दाखले, केवायसी, अर्ज. लोक मोबाईल माझ्या हातात देतात आणि बाकावर जाऊन बसतात. पडद्यावर अटींची पानंच्या पानं येतात, मी ती सर्रकन खाली ढकलते आणि ‘मान्य आहे’वर टिचकी मारते. वाचतं कोण? तुम्ही वाचता? अर्ध्या तालुक्याच्या वतीनं मीच सगळं मान्य केलेलं आहे, आणि त्याचा मला — हसू नका — थोडा तोराही होता.

सुगनामावशी जंगलाकडच्या गावातली, गोंडी बोलणारी. तिची मुलगी तापानं गेली, तेव्हा तिनं तिच्यासाठी एक गाणं रचलं होतं. एकदा केवायसीला आली असताना बाकावर बसून तेच गुणगुणत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मीच म्हटलं, मावशी, तुझ्या मोबाईलवरून हे गाण्यांच्या ॲपवर टाकू या, लोक ऐकतील. ती लाजली, मग हो म्हणाली. गाण्याला हो म्हणाली ती. अटी आल्या, त्या मी नेहमीसारख्याच ढकलल्या. गाणं ॲपच्या कंपनीला कुठंही वापरता येईल, दुसऱ्याला देता येईल, असं आत लिहिलं होतं. हे मला नंतर कळलं.

काही महिन्यांनी ते गाणं केसांच्या तेलाच्या जाहिरातीत वाजू लागलं. आठवडी बाजारात, ज्याच्या त्याच्या मोबाईलवर. मावशी धापा टाकत सेंटरवर आली. “माह्या पोरीचं गाणं त्या तेलात कायले वाजून राह्यलं? मी त अंगठा लावलाच नाही!” तिचा हिशोब सरळ होता. अंगठा नाही तर कबुली नाही. तिला पैसे नको होते. गाणं बंद व्हावं, एवढंच.

मीच तिला बसनं गोंदियाला वकिलाकडे नेलं. भला माणूस होता. म्हणाला, न वाचता दाबलं तरी करार दाबणाऱ्याला बहुधा बांधतोच. पण हिला न सांगता दुसऱ्यानंच दाबलं असेल, तर हिची संमतीच नव्हती असं म्हणून भांडता येईल. मग त्यानं पेन उचललं. “बटन किसने दबाया?”

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मला सेंटरचा परवाना दिसला, उद्या जाब विचारायला दारात उभे राहणारे सगळे लोक दिसले. आणि मी — ती तोंड उघडायच्या आत — म्हटलं, “इन्होंने ही.”

बस्स. एवढंच केलं मी. वकिलानं पेन खाली ठेवलं.

परतीच्या बसमध्ये तिनं हळूच विचारलं, “ते बटन मीच दाबलं काय वं?” तेव्हा तरी खरं सांगता आलं असतं ना? शेजारी वकील नव्हता, कुणीच नव्हतं. मी हो म्हटलं. तिनं मान हलवली. विश्वास ठेवला माझ्यावर! आता ती गावात स्वतःच सांगते, माझ्या हातून चूक झाली, पोरीचं गाणं मीच देऊन बसले. स्वतः ते गाणं तिनं परत म्हटलेलं नाही. जाहिरात अजून वाजते.

मागच्या सोमवारी ती रेशनच्या कामाला आली होती. पडद्यावर पुन्हा तीच पानं, खाली तोच चौकोन. या खेपेला मी मोबाईल तिच्यापुढे धरला, म्हटलं, मावशी, वाचून दाखवते. तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले.

“नको वं पोरी. तूच दाब. मले समजत नाही, मागं चुकली ना मी.”

मी दाबलं.