बाईंनी लिहिलेली एक ओळ

रूथबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडला भावाच्या बांगड्यांच्या दुकानात बसले होते. फोन आमच्या शाळेशेजारच्या चर्चच्या पाळकसाहेबांचा होता. "नसीमबाई, बाई गेल्या सकाळी... लातूरच्या दवाखान्यात," एवढंच ते बोलले. बाई म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. आठ वर्षं मी त्यांच्या हाताखाली शिकवलं. असा फोन आल्यावर माणूस रडतो. मी रडले नाही. माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की आता ते कुणालाच कळणार नाही. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं, आणि लगेच त्या हलकेपणाचीच मला भीती वाटली. भाऊ विचारत होता, "क्या हुआ आपा?" आणि मी समोरच्या गिऱ्हाइकाच्या हातात बांगड्या चढवत राहिले. त्याला दीड महिना झाला.

शिरूर अनंतपाळ तालुक्यातल्या एका गावात चर्चच्या भिंतीला टेकून दोन खोल्या आहेत, ती आमची शाळा. पहिली ते चौथी, चाळीसेक लेकरं, शिकवणाऱ्या आम्ही दोघी. लेकरं बहुतेक शेतकऱ्यांची, थोडी आमच्या मोहल्ल्यातली, ख्रिस्ती घरांतली अगदी मोजकी. मी जन्माची भित्री. पालीला भिते, साहेबाला भिते, कोऱ्या फॉर्मला तर सगळ्यात जास्त. बाईंचं उलट होतं. दर शनिवारी सकाळी त्या एकेका लेकराला चर्चमधल्या मागच्या बाकावर बोलवायच्या आणि वाचायला लावायच्या... पुस्तक नाही, लग्नपत्रिका. गावात आलेली प्रत्येक पत्रिका त्या मागून आणायच्या. पत्रिका संपल्या की खताच्या पिशवीवरचा मजकूर. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "पुस्तक लेकराला पाठ असतंय नसीम. पान बघून पोपटावानी बोलतंय. पत्रिका कशी पाठ असंल?" आणि त्याच दमात, "तुझ्या वर्गातली सात लेकरं वाचत न्हाईत." मला झोंबलं. दोन दिवस मी डबा वेगळा खाल्ला. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या डब्यात शेंगदाण्याची चटणी वाढली. "रुसायचं तर रूस, पण खाऊन रूस," म्हणाल्या. सातांतली चार लेकरं वर्षभरात वाचायला लागली, हेही सांगायला हवं.

दोन वर्षांपूर्वी शाळेच्या स्वयंमूल्यमापनाचा फॉर्म आला. आपल्या शाळेला आपणच पातळी द्यायची: एक, दोन की तीन. तीन म्हणजे उत्तम. त्याच सुमारास तालुक्यात कुजबुज होती की पट कमी आणि दर्जाही कमी, अशा शाळा बंद करणार. बाईंनी कच्च्या कागदावर पेन्सिलीनं पातळ्या लिहिल्या. वाचन, एक. गणित, दोन. स्वच्छतागृह, एक. मी म्हटलं, "बाई, सगळ्या शाळा तीनच लिहितात." त्या म्हणाल्या, "लिहू दे की. लेकरू वाचत न्हाई आन् कागद वाचतोय, असल्या शाळंचा काय उपेग?" ऑनलाइन भरायचं काम माझं. शिरूरच्या सेवाकेंद्रात मी कॉम्प्युटरसमोर बसले. शाळा बंद पडली तर या वयात मला दुसरीकडे कोण घेणार, हे डोक्यातून जाईना. लेकरांचं नाव पुढे केलं, पण भीती माझी होती. मी एकाचे तीन केले. दोनाचेही तीन केले. छापील प्रत सहीला नेली तेव्हा बाईंचा मोतीबिंदू पिकत आला होता. "वाचून दाखवू का?" मी विचारलं. "तूच भरलंस न्हवं? मग काय वाचायचं," असं म्हणून त्यांनी सही केली.

मला वाटलं, शाळा वाचवली. कशाची वाचवते? दोन महिन्यांनी पत्र आलं. आपल्या शाळेनं स्वतःला उत्तम पातळी दिल्यामुळे बाह्य मूल्यमापनासाठी तिची निवड झाली आहे, पथक येईल. मीच आवतन दिलं होतं. पुढचे तीन आठवडे गावात जीप शिरली की हातातला खडू पडायचा. बाई मात्र पत्र घेऊन खुश. "चांगलं झालं. बाहेरचं माणूस येऊन बघंल तरी," म्हणाल्या. कुणामुळे बोलावलं, ते त्यांना ठाऊक नव्हतं. मी म्हटलं, "कच्च्या लेकरांना त्या दिवशी सुटी देऊ." "आजारी माणूस घरी ठिवून डॉक्टरकडं कुणाला न्यायचं?" बाई म्हणाल्या. मी तेव्हा सांगून टाकायला हवं होतं. तोंड उघडलं, आणि फळा पुसायला वळले.

पथकात तिघं होते. मोठ्या साहेबांच्या हातात आमचा फॉर्म. बाईंनी स्वतः पत्रिकांचा गठ्ठा पुढे केला आणि चौथीच्या रेणुकाला, वर्गातल्या सगळ्यात कच्च्या मुलीला, आधी उभं केलं. रेणुका पहिल्या ओळीवरच अडकली. आणखी पाच जण अडकले. साहेब थंडपणे म्हणाले, "वाचनाला तुम्ही तीन लिहिलंय, मॅडम." बाईंनी कागद डोळ्यांजवळ नेला. एकेका आकड्यावरून बोट फिरवलं. मी खिडकीशी उभी होते. त्यांनी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. कागद परत देत म्हणाल्या, "सही माझी हाय, साहेब. आकडा चुकलाय. खोडून खरं लिवा." "भरलं कुणी?" साहेबांनी विचारलं. "मुख्याध्यापक मीच हाय," बाई म्हणाल्या.

शाळा बंद झाली नाही, पण बाईंना खुलाशाची नोटीस आली. तीस वर्षांच्या नोकरीतली पहिली. लातूरच्या कार्यालयात खुलासा द्यायला त्या एकट्या गेल्या. मी स्टँडपर्यंत सोबत होते आणि सगळी वाट पावसापाण्याचं बोलत होते. सेवापुस्तकात शेरा पडला, 'दिशाभूल करणारी माहिती दिली'. त्यावर त्या माझ्याशी चकार शब्द बोलल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "शनवारचं वाचन आजपासून तू घे." मला ती शिक्षा वाटली. रोज सकाळी वाटायचं, आज विचारतील. नाही विचारलं की जास्त भीती वाटायची. रागावल्या असत्या तर मी मोकळी झाले असते.

शेवटची भेट दवाखान्यात. ताप मेंदूत गेला होता, पण मला ओळखलं. आज सांगायचंच, असं ठरवून मी गेले होते. त्यांची सून पाणी आणायला बाहेर गेली, खोलीत आम्ही दोघीच. बाईंनीच विचारलं, "रेणुका वाचती का गं आता?" रेणुका आता सहावीला दुसऱ्या गावच्या शाळेत आहे आणि अजून अडखळते. मी म्हटलं, "हाव बाई, वाचायला लागली." त्यांनी डोळे मिटले. मी उठून आले. त्यांना मी शेवटचं जे सांगितलं, ते हे.

गेल्या आठवड्यात मूल्यमापनाचा नवा फॉर्म आला. प्रभारी मुख्याध्यापक म्हणून आता माझं नाव. जुनी प्रत बघावी म्हणून बाईंचं कपाट उघडलं. त्यांच्या हाताच्या वासाचं, कडुनिंबाचा पाला घातलेलं ते लोखंडी कपाट... फायलीत त्यांनी दिलेल्या खुलाशाची नक्कल होती. तो मी कधीच वाचला नव्हता. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी लिहिलेली मोठमोठी अक्षरं. 'सदर माहिती संगणकावर मी स्वतः भरली व भरताना माझ्या हातून चूक झाली. सहशिक्षिकेचा यात काही संबंध नाही.'

बाईंना कॉम्प्युटर सुरूसुद्धा करता येत नव्हता. आणि सहशिक्षिकेबद्दल नोटिशीत कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. एकाचे दोन करायला ज्यांचा हात धजला नाही, त्यांनी ही ओळ लिहिली, खाली सही केली, आणि दुसऱ्या दिवशी येऊन माझ्यासोबत डबा खाल्ला. मी त्या कपाटासमोर फरशीवर बसून पहिल्यांदा रडले.

नव्या फॉर्ममध्ये मी वाचनाला एक लिहिलं आहे. शाळेचं काय होईल, मला माहीत नाही. वर्तमानपत्राच्या ज्या पुरवणीसाठी मी हे लिहिते आहे, ती तालुक्याचे साहेबही वाचतात, हे मला ठाऊक आहे. साहेब, रूथबाईंच्या सेवापुस्तकातला तो शेरा काढून टाका. तो माझ्या पुस्तकात लिहा. ते आकडे मी बदलले होते.