गेममधला पहारेकरी

लातूरला आमच्या अभ्यासिकेच्या दारात एक वॉचमनकाका असायचे. दाराची कडी दोनदा ओढून बघितल्याशिवाय ते बसत नसत. दुपारी माझ्या मोबाइलवरचा गेम बघायचे. त्यात जुन्या काळातलं शहर होतं आणि मी कुठल्याही भिंतीवर चढणारा हेर. काका हरखून जायचे.

एकदा गेममधल्या पहारेकऱ्याला चकवायला मी खडा टाकला. तो दोन पावलं आला, 'कुणी नाही' म्हणत परत फिरला.

"असा पहारा असतो व्हय? लई येडं केलंय त्याला!" काका चिडले.

मी खंजीर उपसला, तसा त्यांनी माझा हात धरला.

"मारू नका. मागून जावा की. त्यालाबी घर असंल."

त्या संध्याकाळी कुणालाही न मारता मी ते अख्खं शहर पालथं घातलं. पहारेकऱ्याला घर कुठंच दिलेलं नव्हतं.

सकाळी काकांनी विचारलं, "त्यो पहारेकरी पोचला का घरी?"

"हाव काका, पोचला."