माझ्या डोक्याला लावलेला करंट

आब्बा गेले तेव्हा मी रडले नाही, एवढाच माझा गुन्हा.

नळदुर्गात आमचं घर. मी मुलींना शिलाई शिकवते. आब्बा चार वर्षं लकव्यानं अंथरुणावर होते आणि त्यांच्याजवळ मी एकटी. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीची जखम धुवायची, चमच्यानं पेज भरवायची. शेवटी तर त्यांचा श्वास जरा बदलला तरी मला बाजूच्या खोलीत कळायचं. ते गेले त्या सकाळी मी त्यांचे डोळे मिटले, हनुवटी बांधली आणि थोरल्या भावाला हैदराबादला फोन केला. भाईजान आले आणि अंगणात ढसाढसा रडले. बायका मात्र माझ्याकडं बघत राहिल्या. आब्बांची बहीण, आमची फुफी, म्हणाली की पोरगी दगड झाली.

आब्बांच्या चाळिसाव्या दिवसाचा फातेहा झाल्यावर भाईजाननी मोबाइलवर काहीतरी वाचलं. डोक्याला बाहेरून हलका करंट देतात, चिरफाड नाही, आणि माणसाला दुसऱ्याचं दुःख जास्त कळायला लागतं म्हणे. तुझ्या भल्यासाठीच, असं म्हणत त्यांनी मला सोलापूरला एका डॉक्टरकडं नेलं. कागदावर सही त्यांनीच केली. बेचाळीस वर्षांच्या बाईची सही कुणी मागितली नाही. मी इतकी थकले होते की नाही म्हणायचंही त्राण नव्हतं. बसले.

तिथल्या मुलीनं माझ्या डोक्याला दोन ओले स्पंज पट्ट्यानं बांधले. करंट सुरू झाला तसं मुंग्या चावल्यासारखं व्हायला लागलं. त्याच्या आधी आणि नंतर तिनं मला माणसांचे फोटो दाखवले. प्रत्येकाला किती त्रास होतोय त्याचे दहापैकी मार्क द्यायचे. एका म्हाताऱ्याचे ओठ सुकून फुटले होते. मी म्हणाले, याचे ओठ ओल्या कापसानं पुसायला हवेत. ती म्हणाली, तसा रकाना नाही, आकडाच लिहा.

करंटनंतरच्या फोटोंना माझे मार्क वाढले. लवकर सुटका व्हावी म्हणून मीच वाढवून दिले होते. भाईजान खूश झाले.

"बघ, फरक पडला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पट्टा स्वतःच सोडला.

"भाईजान, आब्बांची जखम पाठीच्या कुठल्या बाजूला होती?"

ते डॉक्टरांकडं बघायला लागले. मार्कांचा कागद बघायला आलेल्या डॉक्टरांनी तेव्हा पहिल्यांदा मला विचारलं की घरात आजारी कोण होतं. मी चार वर्षांचं सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, हा आजार नाही, इतकं केल्यावर माणूस बधिर होतो. आणि या करंटनं माया वाढते हेही अजून पक्कं नाही.

"मग लावलात कशाला?"

"तुमचे भाऊ म्हणाले, तुम्हाला कुणाबद्दल काही वाटत नाही."

माझ्याबद्दल भावाला विचारलं, मला नाही. आब्बांची घाण काढताना नाकाला पदर न लावणारी मी, आणि माया मोजायची ती माझी! वर्षातून दोनदा येऊन उंबऱ्यातूनच तब्येत विचारणाऱ्याचे मार्क कुणी काढले नाहीत.

एकूण दहा खेपा ठरल्या होत्या. उरलेल्या नऊ खेपांना मी गेले नाही. भाईजान मात्र नातेवाइकांना सांगत सुटले की एका खेपेतच गुण आला. परवा एका लग्नात फुफीनं माझ्या गालावरून हात फिरवला.

"आता कशी माणसात आलीस."

मी ताट तसंच ठेवून उठले.