पुढील गाडी : दाजी

माझ्या बायकोच्या धाकट्या भावाला घरात सगळे बफरिंग म्हणतात. नाव माझ्या मुलीनं ठेवलं. मामाला चहा घेणार का असं विचारलं, की तो नजर छताकडे नेतो, ओठ किंचित हलवतो, आणि उत्तर येईपर्यंत चहा निवलेला असतो. मात्र इतका वेळ घेऊन आलेलं उत्तर सहसा चुकत नाही, हे त्याच्या शत्रूनंही मान्य करावं. घरात ते पद माझ्याकडे आहे. मला तो दाजी म्हणतो.

बफरिंग कॉम्प्युटर इंजिनियर आहे. मुलगा नेमकं काय काम करतो, असं एकदा शेजारणीनं सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "बसतो." ही तक्रार नव्हती, माहिती होती.

त्याची पहिली नोकरी फार थाटाची. ऑफिसात लोळायला कोच, खायला फुकट फळं आणि साहेबाला अरे-तुरे करायची मुभा. इतक्या प्रेमाची माणसं कुणाला काढून कशी टाकतील, असं आम्हाला वाटायचं. एके सकाळी त्यानं गळ्यातलं कार्ड दाराला टेकवलं, तर हिरव्याऐवजी लाल दिवा लागला. त्यानं कार्ड शर्टाला पुसून पुन्हा टेकवलं. पुन्हा लाल. वॉचमननं बसायला स्वतःची खुर्ची दिली, तेव्हा याला काय ते कळलं. कंपनीनं त्याचा अख्खा विभागच बंद केला होता. ज्या साहेबाला तो अरे म्हणायचा, तो फोन उचलेना.

मग तो 'थोडे दिवस' आमच्याकडे राहायला आला आणि आमच्या घरातल्या एकाही यंत्राला त्यानं सुखानं जगू दिलं नाही. वॉशिंग मशीन धुणं झाल्यावर नुसतं कुंई करायचं, ते आता गाणं म्हणतं. दारावरची बेल माणूस ओळखू लागली आणि मला पाहून वाजेनाशी झाली. मी वैतागायचो, पण बोलायचो नाही. कारण लाल दिवा कुठंही दिसला की त्याचा चेहरा पडायचा. इस्त्रीचा, लिफ्टचा, अगदी चौकातल्या सिग्नलचासुद्धा.

पुढं दुसरी नोकरी लागली. शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या, फळं नाहीत, कोच नाही, साहेबाच्या जागी एक मॅडम. बसथांब्यांवर पुढची गाडी कधी येणार हे सांगणारे जे फलक असतात, त्यांचं काम ही मंडळी करतात. बफरिंग खुलला. आमच्याबरोबर बाहेर पडला की प्रत्येक थांब्यापाशी उभा राहून घड्याळ बघायचा, आणि गाडी वेळेवर आली की असा हसायचा, जणू दोरी बांधून त्यानंच ओढून आणली.

आता या कॉम्प्युटरवाल्यांच्या जमातीची एक खोड सांगायला हवी. नवीन काही केलं, की ते खऱ्या फलकांवर धाडण्याआधी एका खोट्या फलकावर चालवून बघतात. चाचणीसाठी कुठलाही मजकूर चालतो. दिवसभर तोंडं पाडून बसणारी ही माणसं मग तिथं सगळा वात्रटपणा उरकून घेतात. कोण बघतंय.

मी बघितलं. भर दुपारी, भाजीची पिशवी घेऊन थांब्यावर उभा असताना. फलकावर ठळक अक्षरं होती : 'पुढील गाडी : दाजी. पोट मोठे असल्याने विलंब.'

एका मुलीनं फोटो काढला. एका बाईनं नवऱ्याला विचारलं, ही नवीन गाडी कुठं जाते. मी पोट आत ओढलं. हे कुणाचं अक्षरवाङ्मय ते सांगायला नको होतं. मला हसू फुटलं, आणि लगेच तो लाल दिवा आठवून जिरलंही.

झालं होतं असं, की खऱ्या आणि खोट्या फलकांचे पडदे त्याच्यासमोर कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी उघडे होते, दिसायला सारखे. त्यानं भलत्याच पडद्यावरून मजकूर धाडला आणि मी शहरभर झळकलो. चूक त्याच्याच लक्षात आली, त्यानंच ती निस्तरली, आणि स्वतः जाऊन मॅडमना सांगितली. त्या एवढंच म्हणाल्या, की उद्या सकाळी सगळे बसून बोलू. हे वाक्य घेऊन तो घरी आला आणि जेवला नाही. बायकोनं सगळा राग माझ्यावर काढला.

"तुमचं पोट आटोक्यात असतं, तर त्यानं असलं काही लिहिलंच नसतं."

सकाळी तो दाराशी घुटमळला. "दाजी, ऑफिसपर्यंत येता?" जन्मात पहिल्यांदा तो न थांबता बोलला होता. मी चपला घातल्या.

शिंप्याच्या दुकानाशेजारचा जिना चढून आम्ही ऑफिसच्या दाराशी आलो. त्यानं कार्ड उचललं, पण हात पुढं जाईना.

"तुम्हीच लावा."

मी लावलं. हिरवा.

तो दिव्याकडे बघतच राहिला. मला वाटलं, आता हा कायमचा अडकला. शेवटी म्हणालो, "जा रे बाबा आत, विझेल तो."

आत काय झालं ते संध्याकाळी त्यानं दोन वेळा वाढून घेत सांगितलं. मॅडमचा नियम असा, की ज्याच्या हातून चूक झाली त्यानं ती पहिल्यापासून सांगायची, आणि बाकीच्यांनी 'कुणामुळे' हा शब्द काढायचा नाही, फक्त 'कशामुळे' एवढंच शोधायचं. दोन पडदे सारखे होते म्हणून, असं निघालं. मॅडमनी आपलीही एक गोष्ट सांगितली. नव्या असताना त्यांनी फलकांवर सगळ्या गाड्या एकाच थांब्यावर आणून सोडल्या होत्या, आणि निम्मं गाव तिकडं धावलं होतं. आता खोटा पडदा हळदीसारखा पिवळा केलाय. शिवाय एक कडी बसवलीय. चाचणीच्या प्रत्येक मजकुरात 'दाजी' हा शब्द घालायचाच, आणि तो शब्द दिसला की यंत्र तो मजकूर रस्त्यावर जाऊच देत नाही.

म्हणजे अख्खं ऑफिस दिवसभर माझं नाव घेतं, आणि शहरातल्या एकाही फलकावर मला प्रवेश नाही.

त्या मॅडमना मी अजून पाहिलेलं नाही. पण थांब्यावर उभा राहिलो, की मनातल्या मनात त्यांचे आभार मानतो. पोट तेवढं आत ओढून. कडीचा काय भरवसा.