सखूची ओळ

शाळेतल्या बाईंना पोरांच्या पुस्तकासाठी जात्यावरच्या ओव्या पायजे व्हत्या. त्यांनी मोबाइल पुढं धरला, म्या ओव्या म्हणल्या. मग त्यांनी मलाच त्या ऐकवल्या. एक ओळ झाली की माजा आवाज थांबायचा.

"आजी, पुढची ओळ विसरलात का?"

"न्हाई बाई. ती माजी न्हवंच. ती सखूची."

सखू माजी जाऊ. एका जात्यावर दोघी बसायचो. पयली ओळ माजी, दुसरी तिची. दुष्काळात दळाय पसाभरच असायचं. ती म्हणायची, "हळू फिरव गं, लवकर दळून काय पंगत उठवायचीय?"

बाळंतपणात गेली. सुतक फिटलं तशी म्या एकटीच दळाय बसले. खुंट्यावर तिच्या हातापुरती जागा सोडली. रडले न्हाई, घरात खाणारी तोंडं व्हती. तिच्या ओळीपुरती गप ऱ्हायले, तर घरघरीत तिचा आवाज आला. तवापास्नं येतोच.

बाई म्हणल्या, "तिची ओळ तुम्हीच म्हणा ना. नाहीतर पोरांना अर्धीच ओवी मिळेल."

खरंच व्हतं. माज्यासंगं तिची ओळबी गेली असती. म्हणून आज पयल्यांदा सखूची ओळ म्या म्हणली.

मग पुढच्या ओवीची माजी ओळ म्हणायची येळ आली, तर म्या सखूच्या जागी बसलेली, माज्या जागी ती म्हणायला कुणीच उरलं न्हाई.